फराळाचा धूर, फटाक्यांचा धूर

दिवाळीतली हवा म्हटली की फटाके आठवतात. घरातली हवा मात्र वसुबारसेच्या कितीतरी आधी बिघडू लागते, माळ्यावरचे डबे खाली उतरतात तेव्हाच. कोरडी केरसुणी फिरली की साठलेली धूळ, बुरशी आणि झुरळांचे सूक्ष्म अवशेष घरभर उडतात. दमेकरी माणसाला त्यातूनच धाप लागते. जळमटं काढताना तोंडाला रुमाल बांधावा आणि फळ्या ओल्या फडक्यानं पुसाव्यात. रंगकाम तर दसऱ्याआधीच उरकलेलं बरं. ऑइलपेंट आणि टर्पेंटाइनची वाफ वास गेल्यावरही काही दिवस भिंतींतून निघत राहते.

मग कढई चढते. गॅसची ज्योत हलते म्हणून खिडकी लावलेली, पंखा बंद, आणि चकलीचा घाणा काढणाऱ्या बाईच्या तोंडावर तापल्या तेलाचा निळसर धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2010 मध्ये कडक तापलेल्या तेलातल्या तळणीचा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकला. हा इशारा वर्षानुवर्षं तो धूर ओढणाऱ्यांसाठी आहे, चार दिवसांच्या फराळानं घाबरून जायचं कारण नाही. पण डोळे चुरचुरणं आणि खोकल्याची ढास त्याच दिवशी लागते. गॅस पेटवण्याआधीच एक्झॉस्ट फॅन लावावा, तळण संपल्यावरही पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवावा. तेल धुरावू देऊ नये. चिमणीची जाळी तेलकट झाली असेल, तर ती धुतल्याशिवाय चिमणीचा फारसा उपयोग नाही.

फटाक्यांमध्ये सर्वांत निरुपद्रवी वाटते ती लहानग्यांची नागगोळी. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं 2016 मध्ये फटाके उडवणारा माणूस जिथे उभा असतो, तिथली हवा मोजली. नागगोळीच्या धुरात पीएम 2.5 कणांचं प्रमाण घनमीटरला सुमारे 64,500 मायक्रोग्रॅमपर्यंत गेलं. फुलबाजीचं दहा हजारांवर. भारतात दिवसभराच्या सरासरीची मर्यादा 60 आहे. नागगोळीचा आकडा काही मिनिटांचा, हे खरं. पण मूल तिच्यावर वाकूनच बसलेलं असतं. बाल्कनीत किंवा दारातल्या पॅसेजमध्ये ती पेटवली की तोच धूर घरात शिरतो. नागगोळी आणायचीच नाही, हे उत्तम.

एरवी पहाटेची हवा स्वच्छ मानतात. नरक चतुर्दशीला ते खरं नाही. गार हवेत धूर जमिनीलगत साचतो, त्यात अभ्यंगस्नानानंतरचे फटाके. त्या दिवसांत खिडक्या संध्याकाळी आणि पहाटे बंद ठेवाव्यात, आणि ऊन चढल्यावर दुपारी समोरासमोरच्या उघडाव्यात. दारं बंद असताना आत उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल एकदम पेटवू नये.

त्याच पहाटेचा आणखी एक धोका धुरासारखा दिसत नाही. घरातली सगळी एकामागून एक आंघोळीला जातात आणि बंद न्हाणीघरातला गॅस गिझर तासभर पेटलेला राहतो. हवा अपुरी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या. यंदा ते जमत नसेल, तर बादल्या भरून गिझर बंद करा आणि मगच दाराला कडी लावा.