पाण्यास वाट द्या

पावसाळा आला म्हणजे आमच्या सातारा-सांगलीकडे ‘अमुक पेठेत पाणी शिरले’ अशी वार्ता कानी येते, आणि आपण सर्व दोष कृष्णामाईच्या माथी मारून मोकळे होतो. परंतु किंचित विचार केला असता असे दिसून येईल की, वस्तीत शिरणारे पाणी दोन प्रकारचे असते. एक नदीचा महापूर. व दुसरे, आपल्याच छपरांवर, अंगणांत व रस्त्यांवर पडून वाट न सापडल्यामुळे तुंबलेले पाऊसपाणी. पहिले आवरणे कठीण. दुसरे बव्हंशी आपल्या हातचे आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे पाणी किती असते ते पाहू. एक एकर जागेवर 25 मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक इंच पाऊस पडला, तर त्याचे सुमारे 1 लक्ष लिटर पाणी होते. एक एकर म्हणजे अदमासे 4,047 चौरस मीटर. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. जमीन मोकळी असली तर यातील बराच भाग ती पिऊन टाकते व उरलेला सावकाश ओढ्यास मिळतो. पण तीवर घरे, फरशा व डांबरी रस्ते झाले, की जवळजवळ सर्व पाणी एकदमच गटाराकडे धाव घेते. पाऊस पूर्वीइतकाच असूनही पाणी वाढलेले दिसते, त्याचे इंगित हेच होय.

हे पाणी वाहून नेण्यास गटाराला तीन गोष्टी लागतात: उतार, रुंदी व मोकळे मुख.

उताराच्या बाबतीत सातारा भाग्यवान. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या या शहरातील पाणी ओढ्यांवाटे खाली वेण्णेकडे धावते. सांगलीची गोष्ट निराळी. तेथे भूमी सपाट व माती काळी; ती भिजली म्हणजे पाणी जिरविण्याचे नाव घेत नाही. शामरावनगरासारख्या सखल भागांत पावसाचेच पाणी साचून राहते. अशा ठिकाणी गटाराचा तळ चार बोटे जरी चुकला तरी पाणी थबकते, गाळ बसतो, व गटाराचे डबके होते.

रुंदीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नळाचा व्यास दुप्पट केला तर त्याच उतारावर त्यातून दुप्पट नव्हे, तर सुमारे सहापट पाणी जाते. कारण जागा चौपट होते व कडांशी होणारे घर्षण त्या मानाने कमी पडते. उलटपक्षी, ओढ्यावर भराव घालून त्याचे पात्र निम्मे केले, तर त्याची वाहण्याची शक्ती निम्म्याहूनही कमी उरते.

आता मुखाविषयी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट मानतात. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांवर गेले. खाली हरिपूरनजीक वारणा कृष्णेस मिळते. तीही भरून आली म्हणजे कृष्णेचे पाणी अडून फुगते. नदी नाल्याच्या मुखाहून उंच झाली, की शहराचे पाणी बाहेर जाणे दूरच, नदीच शेरीनाल्यासारख्या वाटांनी आत येऊ लागते. मुंबईत समुद्राच्या भरतीने असेच घडते. तेथील जुनी गटारे ओहोटीच्या वेळी तासास 25 मिलिमीटर पाऊस नेण्याच्या बेताने बांधिली होती. ही शक्ती दुप्पट करावी, असे 1993 च्या अहवालात सुचविण्यात आले. परंतु काम रेंगाळले. 2005 च्या 26 जुलैस सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि शेकडो माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर हाजीअली, इर्ला आदी ठिकाणी मोठी पंपघरे उभी राहिली. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच!

तेव्हा उपाय उघड आहेत. शहरातील उंचसखलपणा मोजून नकाशा करावा. नवी गटारे खणण्याआधी जुने ओढे मोकळे करावे. रस्त्याखालील अरुंद मोऱ्या रुंद कराव्या. नाल्यांच्या मुखांशी बाहेरचे पाणी आत येऊ न देणाऱ्या झडपा व आतले पाणी उपसणारे पंप ठेवावे. सखल मैदाने काही काळ पाणी साठविण्यासाठी राखून ठेवावी. आणि सांडपाण्याची वाट पावसाच्या वाटेपासून निराळी करावी. गाळ मात्र दर वर्षी मृगापूर्वीच काढला पाहिजे.

ही कामे नगरपालिका-महानगरपालिकांची खरी. पण नागरिकांचा वाटाही लहान नाही. वरच्या आळीने टाकलेला केरकचरा खालच्या आळीच्या मोरीत अडकतो, आणि त्याचे प्रायश्चित्त शेवटच्या घरातील गरिबास भोगावे लागते. त्याचे धान्य भिजते, मुलांची पुस्तके वाहून जातात, आणि पाणी ओसरल्यावर रोगराई मागे राहते. शेजारधर्म केवळ भिंतीला भिंत लागून असलेल्यांपुरता नसतो. ज्याच्या दाराशी आपले पाणी जाते तोही आपला शेजारीच. विद्यार्थ्यांनी आपल्या घरापासून ओढ्यापर्यंत पाण्याची वाट एकदा पायी चालून पाहावी व ती कोठे अडली आहे हे वडीलधाऱ्यांच्या नजरेस आणावे. पुस्तकातील भूगोल अशा रीतीने गावाच्या उपयोगी पडला, तर शिक्षणाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.