मूत्रपिंडे आणि शरीरातील मिठाचा जमाखर्च

वैशाखात पांढुर्णा व सौंसर परिसरातील संत्राबागांत ओलिताचे काम करणाऱ्या माणसाचा सदरा वाळला की त्यावर पांढऱ्या रेषा उमटतात. घामावाटे गेलेल्या मिठाची ती खूण होय. तरीही त्याच्या रक्तातील सोडियम सहसा दर लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल या मर्यादेतच राहते. त्याचे श्रेय मुख्यत्वे मूत्रपिंडांना द्यावे लागेल.

निरोगी प्रौढाची मूत्रपिंडे दिवसभरात रक्तातून सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातील मीठ किलोभराहून अधिक भरते! त्यापैकी शेकडा 99 भाग सूक्ष्म नलिकांतून पुन्हा रक्तात घेतला जातो. दोन-तृतीयांश भाग पहिल्याच टप्प्यात परततो. खरा निर्णय मात्र अखेरच्या टप्प्यात, उरलेल्या अल्पशा भागाविषयी होतो. मीठ व पाणी घटून रक्ताभिसरण मंदावले की मूत्रपिंडे रेनिन सोडतात, त्यायोगे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि मीठ राखले जाते. आहारात मीठ अधिक आले की ही पकड सैल होते.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. तपासणीत सोडियम कमी आढळले म्हणजे जेवणात मीठ कमी पडले, असे दर वेळी नसते. पाणी राखण्याचा आदेश मेंदूकडून येणारे निराळेच संप्रेरक देते. पाणी प्रमाणाबाहेर साठले की मीठ पुरेसे असूनही ते विरळ होते. हृदयविकारात पायांवर सूज असतानाही सोडियम उतरलेले दिसते, ते यामुळेच. अशा रुग्णास घरच्या घरी मीठ चारणे अपायकारक ठरते. याउलट, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या काही वृद्धांत मीठच निघून जाते. गुंगी, असंबद्ध बोलणे वा झटके दिसताच रुग्णालय गाठावे. तेथेही सोडियम सावकाशच वाढवितात. ते एकाएकी वाढल्यास मेंदूस इजा पोहोचते.

मूत्रपिंडेच थांबली तर काय होते, हे आपल्या शेजारी दिसले आहे. 2025 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात डायएथिलीन ग्लायकॉलमिश्रित खोकल्याच्या औषधामुळे अनेक बालके दगावली. ताप-खोकला साधा वाटत असताना लघवी बंद होणे, ही तेथील धोक्याची खूण होती. अशा स्थितीत पाणी व क्षार बाहेर पडत नाहीत, सूज येते, श्वास लागतो. आजारी बालकास सहा ते आठ तास लघवी झाली नसल्यास पालकांनी सकाळची वाट पाहू नये. दिलेल्या औषधाची बाटली सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.