राजाच्या अंगणातली हजेरी

इजेबू-ओडेचा माणूस लागोसात बँक चालवत असो की लंडनच्या इस्पितळात डॉक्टर असो, बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी त्याने गावी यावं आणि आपल्या वयाच्या लोकांबरोबर रांगेत चालावं, अशी गावाची अपेक्षा असते. चालायचं ते राजवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात, राजाच्या नजरेसमोरून. म्हणून सोहळ्याचं नावही ‘ओजुदे ओबा’, राजाचं अंगण. नैऋत्य नायजेरियातल्या ओगुन राज्यात, लागोसपासून शंभरेक किलोमीटरवर योरुबा लोकांचं हे गाव आहे. गाव म्हणायचं ते आपलेपणानं. वस्ती लाखाच्या वर कधीच गेली.

अलीकडे या सोहळ्याचे फोटो जगभर फिरू लागले आहेत. २०२४ साली फारूक ओरेआग्बा नावाचे गृहस्थ गॉगल लावून, तोंडात सिगार धरून, हातावरचे टॅटू मिरवत घोड्यावरून आले आणि दोन दिवसांत नायजेरियाभर त्यांचं नाव झालं. पेशाने ते वित्तक्षेत्रातले, वर कर्करोगाशी झगडलेले. त्यामुळे त्यांच्या रुबाबाला वेगळं वजन आलं. पण त्या फोटोंमुळे ओजुदे ओबा म्हणजे उंची कपड्यांचं प्रदर्शन, असा समज पसरला. कपडे आहेतच, त्यांच्याकडे येतोच. मात्र सोहळा ज्याच्या खांद्यावर उभा आहे तो रेग्बेरेग्बे. तो फोटोत नुसता गर्दीसारखा दिसतो.

रेग्बेरेग्बे म्हणजे समवयस्कांचा गट. साधारण तीन वर्षांच्या टप्प्यात जन्मलेले सगळे एका गटात. पुरुषांचे गट वेगळे, बायकांचे वेगळे. बोबाकेये, ग्बोबानियी, बोबाग्बिमो अशी त्यांची नावं, आणि बहुतेक नावांत कुठेतरी ‘ओबा’, म्हणजे राजा, दडलेला. जुन्या काळी याच गटांकडून रस्ते साफ करून घेत, लढाईला माणसं घेत, सार्वजनिक कामं उरकून घेत. या रचनेची खुबी अशी की तिथे वशिला चालत नाही. जन्मसाल कोणाला बदलता येत नाही. श्रीमंत आणि गरीब, मुसलमान आणि ख्रिस्ती, गावात राहिलेला गवंडी आणि परदेशातून आलेला प्राध्यापक, सगळ्यांना एकाच रंगाचं कापड घालून एकाच ढोलावर नाचावं लागतं.

आता हे गाव इतकं हौशी आणि पाहुण्यांना बाहू पसरून बोलावणारं असलं, तरी त्याचा पूर्वेतिहास नेमका उलटा आहे. इजेबू राज्य शतकानुशतकं दारं लावून बसलेलं होतं. सुंगबोचा एरेदो हा सुमारे १६० किलोमीटर लांबीचा खंदक आणि मातीचा तट या मुलखाभोवती अजून आहे; काही ठिकाणी त्याची उंची वीस मीटरांपर्यंत जाते. समुद्रकिनाऱ्यावरचं लागोस आणि आतला योरुबा मुलूख यांच्यामधल्या वाटा इजेबूंच्या ताब्यात. माल त्यांच्या हातातून जायचा, जकात त्यांची, दलाली त्यांची. परक्या व्यापाऱ्याला आणि मिशनऱ्याला आत वाट नव्हती. इंग्रजांना हे खुपणारच. मे १८९२ मध्ये त्यांनी मॅक्सिम तोफेसह चढाई केली, इमाग्बोनला लढाई झाली आणि दारं एकदाची मोडली.

पराभवानंतर जे घडलं ते जास्त नवलाचं आहे. ज्यांनी मिशनऱ्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, त्याच लोकांनी एका पिढीत शाळा, चर्च आणि मशीद तिन्ही घरात घेतली. याच धामधुमीत बालोगुन कुकू हे नाव येतं. बालोगुन म्हणजे सेनापती. हा मोठा व्यापारी आणि सरदार आधी ख्रिस्ती धर्माकडे वळला होता. पण घरात तीसेक बायका, त्या सोडायच्या कशा? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मुसलमान झाला, आणि त्याच्यामागे त्याचं भलंमोठं घरदार आणि गुलाम. गुलाम हा शब्द इथे गाळून चालणार नाही, कारण इजेबूत इस्लाम आधी गुलामांनीच आणला, धन्यांनी नंतर उचलला, असं तिथे सांगतात. नव्या धर्मामुळे कुकूला गावच्या जुन्या ओडेदा उत्सवात नाचता येईना. मग ईदनंतर राजाकडे जाऊन, आपला धर्म पाळू दिल्याबद्दल त्याचे आभार मानायचे, अशी नवी रीत पडली. राजा त्या धर्माचा नव्हता, हे विशेष. आज घोडे उडवत, बार काढत येतात ती अशाच बालोगुन घराण्यांची पोरं-नातवंडं.

रेग्बेरेग्बेला आजचं रूप आलं ते अवुजाले सिकिरू कायोदे अदेतोना यांच्या काळात. अवुजाले ही इजेबूच्या राजाची पदवी. अदेतोना १९३४ साली जन्मले, आणि १९६० मध्ये गादीवर बोलावणं आलं तेव्हा पंचविशीत होते, इंग्लंडमध्ये अकाउंटन्सी शिकत होते. म्हणजे राजाच परदेशातून परत आलेला! मोडकळीला आलेली समवयस्कांची पद्धत त्यांनी पुन्हा बांधली आणि तिला ओजुदे ओबाच्या मिरवणुकीत आणून बसवलं. मुसलमानांच्या आभारप्रदर्शनाचा सोहळा त्यामुळे साऱ्या गावाचा झाला. ख्रिस्ती रेग्बेरेग्बेवालेही ईदच्या तिसऱ्या दिवसाची तितक्याच उत्सुकतेनं वाट पाहतात. हिशेब शिकायला गेलेल्या माणसाने गावाला हजेरीपट लावून दिला, असं मला वाटतं.

आणि कपडे. दर वर्षी प्रत्येक गट आपलं कापड ठरवतो. सगळ्यांनी एकाच ताग्यातून शिवायचं याला ‘असो एबी’ म्हणतात. योरुबा लग्नकार्यांत आणि मर्तिकांतही ही चाल आहे. सर्वांत मानाचं कापड असो ओके. ओयो राज्यातलं इसेयिन हे त्याचं माहेरघर. तिथे पुरुष विणकर आडव्या अरुंद मागावर जेमतेम वीतभर किंवा त्याहूनही कमी रुंदीची लांबच लांब पट्टी विणतात. मागाचा ताणा समोर वजनदार ओझ्याला बांधलेला असतो आणि विणकाम पुढे सरकेल तसं ते ओझं जमिनीवरून घसरत विणकराकडे येतं. या पट्ट्या कडेला कड जोडून शिवल्या की अंगभर कापड तयार होतं. रानरेशमाचं फिकट तपकिरी ते सान्यान, लालबुंद ते आलारी, गडद निळं ते एतू. जुनी खानदानं या तिन्हींना सर्वांत वर मानतात. त्यातून पुरुषांसाठी घोळदार अग्बाडा आणि टोपी, बायकांसाठी गुंडाळायचं वस्त्र आणि डोक्याला गेले. गेले बांधणं हा स्वतंत्र धंदाच आहे. कडक कापडाला चुण्या घालत जाणाऱ्या बाईकडे सोहळ्याच्या सकाळी रांग लागते. लेसचं वेड पाहावं तर ती ऑस्ट्रियाच्या लुस्टेनाउ गावातून येते. आल्प्सच्या पायथ्याचे भरतकाम कारखाने गेली काही दशकं नायजेरियाच्या आवडीनुसार नक्षी काढत आले आहेत. गळ्यात पोवळी, हातात पंखा किंवा पर्स, आणि गॉगल हवाच.

एवढा खर्च कशासाठी, हे नायजेरियातले लोकही दर वर्षी विचारतात. प्रश्न खोटा नाही. पण त्याच रांगेत शेजारी चालणाऱ्याला दिसत असतं की गेल्या वर्षी कोणत्या गटाने राजवाड्यासाठी काय दिलं, कोणी शाळेची खोली बांधली, कोणाची वर्गणी थकली. चाकरमान्यांची मुंबईतली गावमंडळं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे लगेच कळेल: देवळाच्या जीर्णोद्धाराची यादी वाचली जात असताना आपलं नाव मागे राहिलेलं कोणालाच चालत नाही. इजेबूंना पैसा जमवायची सवय जुनीच. योरुबा समाजातली एसुसू ही आपल्या भिशीसारखीच, आळीपाळीने रक्कम एकेकाच्या हाती देणारी. व्यापारी म्हणून त्यांच्याबद्दल शेजाऱ्यांत टवाळीचे विनोदही भरपूर आहेत. कंजूष आणि खर्चिक अशी दोन्ही विशेषणं एकाच जमातीला मिळावीत, हेही गमतीचंच.

या सवयीचा कस एकदा जाहीरपणे पाहिला गेला. भूगोलतज्ज्ञ अकिन माबोगुंजे, आंतरराष्ट्रीय भूगोल संघाचे पहिले आफ्रिकी अध्यक्ष, याच गावच्या मुळांचे. १९९८ च्या सुमारास इजेबू-ओडेचे अंदाजे ९० टक्के रहिवासी दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी मिळकतीवर जगत होते. ज्या गावाची ऐट देशभर मिरवते, त्याचा हा आकडा! मग माबोगुंजे यांच्या पुढाकाराने गावसभा भरल्या, दारिद्र्यनिवारणाचं मंडळ स्थापन झालं, छोटी कर्जं देणारी संस्था उभी राहिली, पडलेल्या सहकारी संस्था उठवल्या, मत्स्यशेती आणि नव्या पिकांचं प्रशिक्षण सुरू झालं. भांडवल आणि खटपट यांसाठी गावातल्यांबरोबर बाहेर गेलेल्यांनाही हाक मारली. २००७ मध्ये माबोगुंजे यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात या प्रयोगावर लिहिलं आणि दारिद्र्य बरंच घटल्याचं मांडलं. प्रयोगकर्ता स्वतःच निकाल सांगतो तेव्हा थोडं सावध राहावं. तरीही परकी मदत येईपर्यंत हात बांधून न बसणारं गाव आफ्रिकेविषयीच्या ठरावीक लेखनात क्वचित भेटतं.

व्यक्तींनी दिलेलंही कमी नाही. उद्योगपती टिमोथी अदेओला ओदुतोला यांनी इथे शाळा काढली. फर्स्ट सिटी मॉन्युमेंट बँकेचे संस्थापक सुबोमी बालोगुन यांनी मुलांचं इस्पितळ बांधलं आणि ते इबादानच्या विद्यापीठ रुग्णालयाला देऊन टाकलं.

शेजारच्या रेमो इजेबूंची बाहेरची झेप तर विलक्षण. इकेनेचे ओबाफेमी अवोलोवो कायदा शिकायला लंडनला गेले. तिथेच १९४५ मध्ये त्यांनी एग्बे ओमो ओदुदुवा, म्हणजे ओदुदुवाच्या लेकरांचा संघ, काढला. त्या वर्तुळातून पुढे राजकीय पक्ष निघाला आणि १९५५ मध्ये पश्चिम नायजेरियात प्राथमिक शिक्षण मोफत झालं. सागामूच्या मुळांचे अदेबायो ओगुनलेसी यांच्या कंपनीने २००९ मध्ये लंडनचा गॅटविक विमानतळ विकत घेतला. मुष्टियोद्धा अँथनी जोशुआचा जन्म इंग्लंडमधल्या वॉटफर्डचा, पण सागामूचे लोक त्याला आपलाच म्हणतात.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. दूरसंचार कंपन्या आणि बँका प्रायोजक झाल्यापासून पटांगणात जाहिरातींचे फलक दाटले आहेत, आणि कॅमेऱ्यासाठी चालणारे वाढले आहेत. ज्याच्याकडे यंदा कापडाला पैसे नाहीत तो माणूस गटातून हळूच मागे सरतो. तो कोणाच्या फोटोत येत नाही.

१३ जुलै २०२५ रोजी अदेतोना वारले, पासष्ट वर्षं राज्य करून. योरुबा राजांचे अंत्यविधी परंपरेने गुप्त मंडळांकडे असतात; राजांना आपापल्या धर्माप्रमाणे दफन मिळावं म्हणून त्यांनी हयातीत आग्रह धरला होता आणि ओगुन राज्याने तसा कायदाही केला. त्यांचं दफन इस्लामी रीतीने झालं, आणि परंपरावाद्यांशी वाद पेटला. गादी चार राजघराण्यांत फिरते. अदेतोना अनिकिनाइया घराण्याचे. त्यांच्यामागून पाळी फुसेंग्बुवा घराण्याची. येणारा राजा मुसलमान असो की ख्रिस्ती, लागोसचा असो की परदेशातून बोलावलेला, त्याचंही जन्मसाल कुठल्या तरी तीन वर्षांत बसणारच. त्या गटाची मंडळी मग बाकीच्या गटांना वर्षानुवर्षं ऐकवत राहतील, की राजा आमच्यातला आहे, तेव्हा यंदाचं सगळ्यात भारी कापड आमचंच हवं.