वेबसाईट नाचवा, पण गूगलला वाचताही येऊ द्या

आजच्या भागाचं हे लिखित रूप, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी.

विषय आहे वेबसाईटवरचं ॲनिमेशन आणि गूगल सर्च. उदाहरण आपल्याच बीडचं घेऊ. बालाघाटाच्या डोंगरातल्या आपल्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. समजा, धारूरकडच्या काही शेतकऱ्यांनी मिळून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांसाठी वेबसाईट काढली. उघडली की सीताफळ गरगर फिरत येतं, उकलतं, आतला पांढरा गर दिसतो, मग एकेक अक्षर उमटत नाव येतं. बघणारा म्हणतो, वा! पण पुण्यातला माणूस ‘बीडचं सीताफळ घरपोच’ असं शोधतो, तेव्हा ही साईट कुठंच दिसत नाही. आणि सीताफळाचं तुम्हाला माहितीये, तोडल्यावर काही दिवसांतच मऊ पडतं. हंगामातले ते आठवडे हातचे गेले, तर देखण्या साईटचा उपयोग काय?

गूगलला काय दिसतं?

‘ॲनिमेशन असलं की गूगलला काहीच दिसत नाही’ हे खरं नाही बरं का. गूगलचा बॉट 2019 पासून क्रोमचंच ताजं इंजिन वापरतो, जावास्क्रिप्टही चालवतो. पण तो आपल्यासारखा स्क्रोल करत नाही, बटणं दाबत नाही. ‘भाव पाहा’ दाबल्यावरच सर्व्हरवरून येणारा मजकूर त्याच्यापर्यंत पोचत नाही. व्हिडिओत किंवा कॅनव्हासवर रंगवलेली अक्षरंही त्याच्यासाठी मजकूर नसतात. मराठी साईटवर तर नेहमीचा घोळ म्हणजे सुंदर फॉन्टातलं शीर्षक फोटो करून चिकटवणं. तेच युनिकोडमध्ये टाइप केलं, तर शोधात सापडतं.

वेगाचं गणित

दुसरी गोष्ट वेगाची. गूगल तीन आकडे बघतं. पानावरचा सगळ्यात मोठा भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसावा. बोट लावल्यावर 200 मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा. आणि पान उघडताना मजकूर खालीवर उड्या मारू नये, त्याचा आकडा 0.1 च्या आत हवा. हे मोजमाप खऱ्या वापरकर्त्यांच्या फोनवरून घेतलं जातं. डिझायनरच्या लॅपटॉपवर साईट पळते, पण एसटीत बसून साध्या फोनवर बघणाऱ्याचं काय? वेगामुळे चांगल्या मजकुराची जागा भरून निघत नाही, हेही लक्षात ठेवा. आधी मजकूर, मग वेग.

मग करायचं काय?

- नाव, गाव, भाव, हंगाम आणि ऑर्डर कशी द्यायची, हे सगळं साध्या मजकुरात, पान उघडताच एचटीएमएलमध्ये असू द्या. ॲनिमेशन त्याच्यावर चढवा.
- वरचा मुख्य फोटो लगेच दिसू द्या. त्याला हळूहळू उमलवू नका, लेझी लोडिंगही लावू नका. हालचाल खालच्या भागांत ठेवा.
- हालचाल सीएसएसच्या ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटीनं करा. रुंदी-उंची बदलत राहिलात, तर ब्राउझरला पानाची मांडणी पुन्हापुन्हा करावी लागते.
- जड जिफऐवजी छोटा, आवाज नसलेला व्हिडिओ वापरा. त्याची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवा, म्हणजे पान उड्या मारणार नाही.
- काहींना हलत्या चित्रांनी गरगरतं. त्यांनी फोनमध्ये ‘हालचाल कमी’ निवडलं असेल, तर तुमच्या साईटनंही ते ऐकावं.

घरबसल्या तपासणी

गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये यूआरएल तपासणीची मोफत सोय आहे. तिथं तुमच्या साईटचा पत्ता टाका आणि ‘लाइव्ह टेस्ट’ करा. बॉटला मिळालेला एचटीएमएल आणि पानाचं चित्र दोन्ही दिसतात. त्यात ‘सीताफळ’, ‘बीड’, ‘घरपोच’ हे शब्द शोधा. सापडले, तर फळ खुशाल फिरू द्या. नाही सापडले, तर आधी ते लिहा. आणि हे काम हंगामाच्या एक-दोन महिने आधीच उरका, कारण नवं पान शोधात वर यायला वेळ लागतो. झाडाला फळ लागल्यावर धावपळ करून जमत नाही.

चला, तुमची साईट तपासून काय सापडलं ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!