ध्यान म्हणजे मन रिकामे करणे नव्हे

‘मला ध्यान जमत नाही, विचार थांबतच नाहीत,’ ही तक्रार योगवर्गांत नेहमी ऐकू येते. ध्यान म्हणजे विचारशून्य होणे, हा समज तिच्यामागे असतो. पतंजलींच्या योगसूत्रांतली व्याख्या मात्र वेगळी आहे.

योगाच्या आठ अंगांपैकी सहावे धारणा (चित्त एका ठिकाणी बांधणे), सातवे ध्यान आणि आठवे समाधी. श्वास, नाम, दिव्याची ज्योत असा एखादा विषय घेऊन मन तिथे ठेवायचे, निसटले की परत आणायचे, ही झाली धारणा. परत आणण्याची वेळ कमी कमी येत त्याच विषयाची जाणीव सलग राहू लागली, की ते ध्यान. धारणा पाण्याच्या थेंबांसारखी तुटक, तर ध्यान बरणीत ओतल्या जाणाऱ्या तेलाच्या धारेसारखे अखंड. उपमा परंपरेतलीच आहे आणि तिच्याहून चपखल दुसरी सुचत नाही. धार तुटत नाही, पण तिच्यात तेल असतेच; तसा ध्यानातही विषय असतो.

म्हणजे तक्रार करणारा बहुधा धारणेच्या पायरीवर असतो, आणि सुरुवात तिथूनच होते. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरत नाही म्हणून अर्जुनही कुरकुरतो. त्याला मिळालेले उत्तर अभ्यास (चिकाटीचा सराव) आणि वैराग्य (आसक्ती सोडणे) हेच आहे. योगसूत्रांतही हीच दोन साधने सांगितली आहेत.

आणि आसन? त्यावर पतंजलींची सूत्रे जेमतेम तीन. बैठक स्थिर आणि सुखाची असावी, एवढीच अट. गुडघे दुखत असतील तर खुशाल खुर्चीवर बसावे.