गोवंशातील ग्रीवा, कोष्ठ व कटिप्रदेशाच्या मांसपेशी : बाह्योपचाराच्या दृष्टीने विचार

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मांसपेशींची संख्या 500 सांगितली असून त्यांपैकी 400 शाखांत, 66 कोष्ठात व 34 ग्रीवेपासून वरच्या भागात आहेत. ही गणना मनुष्यशरीराची होय. हत्तींसाठी पालकाप्याची व अश्वांसाठी शालिहोत्राची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली, यावरून प्राण्यांचे शारीर वेगळे जाणून घेतले पाहिजे हे पूर्वाचार्यांना मान्य होते असे दिसते. आज ग्रामीण भागातील वैद्यांकडे व औषधालयांत ‘बैलाचा खांदा सुजला’, ‘गाईची कंबर धरली’ असे सांगून तेल किंवा लेप मागणारे शेतकरी येतात. अशा वेळी त्वचेखाली नेमके काय आहे हे ठाऊक असावे, या हेतूने आम्ही हा विषय मांडत आहोत. लोकभाषेत मांसपेशीलाच ‘स्नायू’ म्हणतात. या लेखात मात्र दोन्ही शब्द शास्त्रीय अर्थानेच योजले आहेत.

ग्रीवा व स्कंध

गाय-बैलांना अक्षकास्थी नसते. त्यामुळे पुढचा पाय धडाशी अस्थिसंधीने जोडलेला नसून केवळ मांसपेशींनी बांधलेला असतो. अंसफलकाच्या आतील बाजूस असणारी सेरेटस व्हेंट्रॅलिस ही पंख्यासारखी पेशी दोन्ही बाजूंनी धड झोळीप्रमाणे तोलून धरते. शरीराचा अर्ध्याहून अधिक भार पुढच्या पायांवर असल्याने या पेशीचे महत्त्व सहज ध्यानी येईल. तिच्या वरच्या बाजूस पृष्ठच्छदा म्हणजे ट्रॅपेझियस व तिच्याखाली अंसापकर्षणी म्हणजे ऱ्हॉम्बॉइडियस असते. देशी गोवंशाचे वशिंड हे मुख्यतः याच अंसापकर्षणीचे वाढलेले रूप असून त्यात मेदही असतो. मध्यरेषेत मस्तकापासून पाठीच्या कंटकांपर्यंत जाणारा लवचीक ग्रीवास्नायू जड मस्तकाचा भार पेलतो.

जू वशिंडाच्या पुढे, नेमके या थरांवर टेकते. ओले किंवा खडबडीत लाकूड, जोडीतील बैलांच्या उंचीतील फरक व एकसारखे घर्षण यांमुळे खांदेसूज उत्पन्न होते. येथे व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व या अवस्थांचा विचार अत्यंत उपयुक्त ठरतो. आमावस्थेत जू काढून विश्रांती देणे हाच मुख्य उपचार, कारण निदानपरिवर्जनावाचून कोणताही लेप टिकत नाही. पक्वावस्थेत मर्दन करू नये; पूयनिर्हरण पशुवैद्यकाकडूनच करवावे. तसेच वशिंडावरील प्रत्येक व्रण जुवामुळेच होतो असे नाही; स्टेफॅनोफायलेरिया नामक कृमींमुळेही तेथे चिवट व्रण होतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीत हळद व लोणी किंवा तूप खांद्यास चोळतात. अखंड त्वचेवरील हे स्नेहन उचितच आहे. परंतु वर्षभराच्या घर्षणाची भरपाई एका दिवसात होत नाही.

कोष्ठ

गाईला पाठीचे 13 व कमरेचे 6 मणके असतात. मनुष्यात हीच संख्या 12 व 5 आहे. कण्याच्या दोन्ही बाजूंस लाँजिसिमस ही दीर्घ पेशी पसरते. उदरभित्तीत मनुष्याप्रमाणेच चार पेशी असल्या, तरी त्यांवर पिवळ्या लवचीक तंतूंचे आवरण असते व ते जड पोटाचा भार सांभाळते. डाव्या कुशीत या पातळ भित्तीलगतच रुमेन असल्याने ती कूस फुगणे हा पेशींचा शोथ नसून बहुधा आध्मान असते. तेथे तेल चोळून वेळ घालवणे धोक्याचे ठरते.

कटी व नितंब

मनुष्यातील नितंबपिंडिका गरिष्ठा गाईत स्वतंत्र राहत नाही. ती बायसेप्स फेमोरिसशी एकरूप झालेली असते. गृध्रसी नाडी कटिसंधीच्या मागून जाते आणि कृश जनावरात तिच्यावरील मांसाचे आच्छादन फारच कमी असते. म्हणूनच पशुवैद्यक सुईसाठी बहुधा मानेची बाजू पसंत करतात.

सर्वांत महत्त्वाची सूचना व्यालेल्या गाई-म्हशींविषयी आहे. प्रसूतीनंतर पहिल्या तीन दिवसांत जनावर बसले, कान थंड पडले व मान कुशीकडे वळली, तर ‘कंबर धरली’ असे समजू नये. हे बहुधा दुग्धज्वराचे, म्हणजे रक्तातील कॅल्शियम घटल्याचे लक्षण असते. पेशी निरोगी असूनही आकुंचन पावू शकत नाहीत. शिरेतून कॅल्शियम देणे हे पशुवैद्यकाचे तातडीचे काम आहे, कारण ते वेगाने दिल्यास हृदय बंद पडू शकते. विलंब झाल्यास शरीराच्याच भाराने मागील पायांच्या पेशी दबून नष्ट होऊ लागतात व मग कॅल्शियम देऊनही जनावर उठत नाही. तोवर जाड मऊ बिछायत घालणे व दर काही तासांनी कूस बदलणे ही परिचर्या मालकास अवश्य सांगावी.

औषधविक्रेत्यांसाठी

जनावर अंगावरील औषध चाटते. खांद्यावरील लेप जोडीदार चाटतो. म्हणून वत्सनाभ, धत्तूर यांसारखी विषद्रव्ये असलेली तेले जनावरांसाठी देऊ नयेत. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकास आहे, याचेही भान असावे. तेलाची बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : सूज नेमकी कोठे आहे, त्वचा अखंड आहे काय, आणि जनावर कधी व्याले? या तीन उत्तरांवरून तेल द्यावे की जनावर तत्काळ पशुवैद्यकाकडे पाठवावे, याचा निर्णय बहुतेक वेळा करता येतो.