नोटा खऱ्या, वायदा खोटा

महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात किरनापूर हे तालुक्याचे गाव आहे. मे २०२२ मध्ये किरनापूर व शेजारच्या लांजी परिसरात पोलिसांनी छापे घालून सुमारे दहा कोटी रुपयांची रोकड हस्तगत केली. अल्पावधीत रक्कम दुप्पट करून देण्याचे आमिष दाखवून ही माया जमविण्यात आली, असा आरोप होता. त्याआधी एक वर्ष, २०२१ मध्ये, याच जिल्ह्यात सुमारे पाच कोटी रुपये दर्शनी किमतीच्या बनावट नोटा पकडल्या गेल्या होत्या. एका प्रकरणात कागद खोटा होता, दुसऱ्यात शब्द. या दोहोंपैकी नोटा मोजणारे यंत्र कशाला पकडू शकते, याचा विचार आपल्या किनाऱ्यावरील पतसंस्था, पेढ्या व देवस्थान समित्यांनीही करणे अगत्याचे आहे.

हे यंत्र आता बाजारपेठेतील दुकानांतही दिसते. त्याच्या पोटात अतिनील दिवा असतो. खऱ्या नोटेचा कागद त्या प्रकाशात चमकत नाही; क्रमांक व कागदातील तंतू मात्र उजळतात. सुरक्षा धाग्याचे चुंबकीय गुण व नोटेचे माप हेही यंत्र तपासते. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब, तर शंभराची १४२. फरक पडला की यंत्र थबकते व शिटी देते.

परंतु यंत्र चालविणारा हात दक्ष नसेल तर ही सारी तपासणी निरर्थक ठरते. नोटा एका दिशेने लावाव्यात, रबर व टाचण्या काढाव्यात, गड्डी हाताने मोकळी करून मगच घालावी. आपल्या दमट, खारट हवेत आतील भिंगांवर धूळ चटकन चिकटते. ती रोज पुसली नाही तर यंत्राची दृष्टी मंदावते. यंत्र थांबताच ‘हे नेहमीचेच’ म्हणून कळ दाबून पुढे जाणारा रोखपाल घात करतो. उलट प्रत्येक शिटीला खोटेपणाचा पुरावा मानणेही अन्यायाचे आहे. साबणाच्या पाण्यात धुतली गेलेली खरी नोटसुद्धा अतिनील प्रकाशात चमकते. म्हणून अडलेली नोट उजेडात धरून जलचिन्ह व धागा पाहणे आणि बोटांनी उठावाची छपाई चाचपणे यास पर्याय नाही.

येथे प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. पहाटेपासून बाजारात बसून मासळी विकणाऱ्या बाईच्या हाती कोणी पाचशेची खोटी नोट दिली, तर बँकेत ती जप्त होते आणि मोबदला काहीच मिळत नाही. तिची दिवसाची कमाई जाते. वर चारचौघांत चोर ठरण्याची भीती. रिझर्व्ह बँकेचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. बनावट नोटेवर शिक्का मारून ती ठेवून घ्यावी व ग्राहकास पोच द्यावी. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा आढळल्यास पोलिसांकडे महिन्याचा एकत्रित अहवाल जातो; पाच किंवा अधिक आढळल्यास गुन्हा नोंदविण्यासाठी तक्रार होते. नोट परत करणे किंवा फाडून टाकणे बँकेला मान्य नाही. पोच मागणे हा ग्राहकाचा हक्क होय, आणि ती सभ्यपणे देणे हे रोखपालाचे कर्तव्य.

मात्र दुप्पट पैशांच्या वायद्यापुढे हे यंत्र मुके आहे. तेथे येणारी प्रत्येक नोट खरी असते. ती शेतकऱ्याने धान विकून वा मजुराने पोटाला चिमटा घेऊन आणलेली असते. पहिल्या काहींना वेळेवर पैसे मिळतात, कारण ते नंतर येणाऱ्यांच्या खिशातून दिले जातात. अशा ठेवींना आळा घालणारा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा २०१९ मध्ये झाला. तरीही कायदा बहुधा पैसे गेल्यानंतरच पोहोचतो.

परदेशातून व जहाजांवरून पैसा येणाऱ्या आपल्या गावांनाही हे आमिष नवे नाही. कागदाची पारख यंत्रावर सोपविता येईल. पण ठेव घेणाऱ्याची नोंदणी कोठे आहे आणि एवढा नफा येतो कोठून, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे लागेल. त्याचे उत्तर देण्यास जो टाळाटाळ करील, त्याच्या हाती एक रुपयाही देऊ नये.